जुने यंत्र पुन्हा उभे करताना

साहित्य, इतिहास आणि अर्थशास्त्र यांवर विद्वानांची भाषणे ज्या व्यासपीठावरून होतात, तेथे एका गंजलेल्या मोटारसायकलीवर बोलावे काय, अशी शंका कोणाच्या मनात आली तर ती वावगी नव्हे. आमची शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकाशी, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. त्या शिक्षणात एक गोष्ट पक्की कळली, ती अशी की, यंत्र हे साठवून ठेवलेले श्रम असते. ते बिघडले म्हणून त्यातले श्रम नाहीसे होत नाहीत. ते पुन्हा कामाला लावता येतात. मात्र त्यासाठी यंत्राला योग्य प्रश्न योग्य क्रमाने विचारावे लागतात. पन्नाशी उलटल्यावर आम्ही प्रथमच एका जुन्या टू-स्ट्रोक गाडीचे मालक झालो, तेव्हा या विचाराची कसोटी लागली. त्या अनुभवातून जे शास्त्र हाती आले, ते नवख्या माणसाला उपयोगी पडेल अशा रीतीने येथे मांडावयाचे आहे.

उदाहरणासाठी जावा २५० ही गाडी घेऊ. फ्रांतिशेक यानेचेक या चेक कारखानदाराने १९२९ साली ‘वांडरर’ या जर्मन कंपनीच्या मोटारसायकलीचे हक्क घेतले आणि दोन्ही नावांची आद्याक्षरे जोडून ‘जावा’ हे नाव केले. दुसऱ्या महायुद्धात देश जर्मनांच्या ताब्यात असताना तेथील तंत्रज्ञांनी नव्या २५० सी.सी.च्या गाडीचा आराखडा गुपचूप तयार केला, आणि १९४६ साली ती गाडी जगापुढे आली. पुढे आयडियल जावा या कंपनीने म्हैसूर येथे १९६१ पासून जावा तयार करण्यास सुरुवात केली. सत्तरीच्या दशकात तीच परंपरा ‘येझदी’ या नावाने चालू राहिली आणि १९९६ साली त्या कारखान्यातील उत्पादन थांबले. २०१८ साली जावा हे नाव बाजारात पुन्हा आले. पण ती नवी गाडी फोर-स्ट्रोक आहे. जुन्या जावाचे सुटे भाग मूळ कारखान्यातून मिळणे १९९६ नंतर संपले, ही पहिल्या मालकाने प्रथम ध्यानात घ्यावयाची गोष्ट.

अशा गाड्या आजही गोठ्यात, वाड्याच्या जिन्याखाली, बंद पिठाच्या गिरणीच्या मागे उभ्या असतात. कोणाच्या वडिलांची असते, कोणी भंगारवाल्याकडून सोडवून आणलेली असते. नवा मालक बहुधा तीन गोष्टी लगोलग करतो. टाकीत पेट्रोल ओततो, घाम येईपर्यंत किक मारतो, आणि गाडी सुरू होवो न होवो, ती रंगाऱ्याकडे पाठवितो. या तिन्ही गोष्टी चुकीच्या नसून त्यांची वेळ चुकीची असते. रंग आणि क्रोमपट्टी यांवर जमविलेले पैसे संपतात, एंजिन न उघडताच राहते, आणि वर्षभराने चकचकीत पण मुकी गाडी पुन्हा विकायला निघते. म्हणून क्रमाचा आग्रह.

प्रथम कागद

पाना हातात घेण्यापूर्वी नोंदणीपुस्तक हातात घ्यावे. चेसिसवर कोरलेला क्रमांक आणि एंजिनावरचा क्रमांक हे दोन्ही पुस्तकातील नोंदीशी अक्षर न् अक्षर जुळले पाहिजेत. क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिल घासली की ठसा उमटतो; तो मालकाने आपल्याजवळ जपून ठेवावा. गाडी दुसऱ्याकडून घेतली असेल तर हस्तांतरासाठी नमुना २९ व ३० लागतो. मूळ मालक वारला असेल तर वारसाला नमुना ३१ भरावा लागतो. पुस्तक हरवले असेल तर दुसऱ्या प्रतीसाठी नमुना २६. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते.

पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली वेगळी तरतूद केली. त्या नियमांत नव्या ‘व्हिंटेज’ नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, आणि पुनर्नोंदणीचे शुल्क ५,००० रुपये असे ठरविण्यात आले. परंतु अशा नोंदणीची गाडी रोजच्या जाण्यायेण्यासाठी वापरता येत नाही. प्रदर्शन, फेरी, देखभाल अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते. तेव्हा गाडी रोज चालवायची की जपून ठेवायची, हे आधी ठरवावे. ज्या गाडीचे कागद उभे राहत नाहीत, तिच्यावर केलेला खर्च कायद्याच्या दृष्टीने भंगारावर केलेला खर्च ठरतो. युनियनच्या कामात आम्ही एक पाहिले आहे : न्याय आपल्या बाजूचा असला तरी कागद नसेल तर दावा उभा राहत नाही. गाडीचेही तसेच.

एंजिनाची चाल

आता एंजिन कसे चालते ते समजून घेऊ, कारण पुढचा सारा क्रम त्यावर अवलंबून आहे. फोर-स्ट्रोक एंजिनात इंधन आत घेणे, दाबणे, पेटणे आणि धूर बाहेर टाकणे या चार क्रियांना पिस्टनचे चार प्रवास लागतात. टू-स्ट्रोकमध्ये हेच काम दोन प्रवासांत उरकते. त्यासाठी पिस्टनच्या दोन्ही बाजू राबविल्या जातात. पिस्टन वर जाताना वरच्या बाजूस मिश्रण दाबले जाते, आणि त्याच वेळी खालच्या क्रँकपेटीत पोकळी होऊन कारबोरेटरमधून नवे मिश्रण ओढले जाते. ठिणगी पडून पिस्टन खाली आला की धुराचे दार उघडते; पाठोपाठ क्रँकपेटीत दाबलेले मिश्रण बाजूच्या वाटांनी वर चढते आणि उरलेला धूर ढकलून देते. येथे व्हॉल्व्ह नाहीत. पिस्टन स्वतःच दारे उघडतो व मिटतो.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली : क्रँकपेटी हा एक पंप आहे, म्हणून ती हवाबंद असलीच पाहिजे. दुसरी : ज्या पेटीतून इंधन जाते तिच्यात तेलाचा साठा करता येत नाही, म्हणून वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळून द्यावे लागते. नवे मिश्रण धुराला ढकलताना त्यातले थोडे न जळताच बाहेर जाते, हा या रचनेचा दोष. धुराचे नियम कडक होत गेले तसे टू-स्ट्रोक मोटारसायकलींचे दिवस भरले, ते याच कारणाने.

किक मारण्यापूर्वी

वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीला किक मारू नये. सिलिंडरच्या आत गंजाचा थर असतो, रिंगा चिकटलेल्या असतात, क्रँकच्या बेअरिंगमधले वंगण वाळलेले असते. जोर लावला की गंजाचे कण बोअरवर ओरखडे काढतात. प्लग काढावा, त्या भोकातून डिझेल व पातळ तेल समभाग ओतावे आणि दोन-चार दिवस थांबावे. मग गाडी घोड्यावर उभी करून, वरच्या गिअरमध्ये टाकून, मागचे चाक हाताने हलकेच पुढे-मागे झुलवावे. पिस्टन सुटला तर त्याच झुलण्याने सुटतो. न सुटल्यास पुन्हा तेल, पुन्हा थांबणे. हातोडा मारू नये. पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि सिलिंडर बिडाचा, दोघांनाही ठोका सोसत नाही.

सोडविताना प्रत्येक भागाचे छायाचित्र घ्यावे. आज प्रत्येकाच्या खिशातल्या फोनवर ते फुकट निघते. प्रत्येक जागेचे नट-बोल्ट वेगळ्या डबीत, डबीवर चिठ्ठी. मापाचा पाना वापरावा. सैल पान्याने नटाचे कोपरे झिजतात. आणि आणखी एक गोष्ट आम्ही आग्रहाने सांगतो, कारण कारखान्यात हिची किंमत माणसांनी फुप्फुसांनी मोजली आहे. जुन्या ब्रेक-शूजच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असे. ड्रम उघडून तोंडाने फुंकर मारू नये, हवेच्या नळीने धूळ उडवू नये. ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधावे. आपल्याकडे पेट्रोलमधले शिसे २००० साली गेले. त्याआधी चाललेल्या एंजिनातील काजळीत शिशाचा अंश असू शकतो, म्हणून तीही कोरडी खरवडू नये.

हवा

आता एंजिनाची तपासणी तीन प्रश्नांत करावी : हवा, ठिणगी, इंधन. नवखा माणूस इंधनापासून सुरुवात करतो, कारण कारबोरेटर समोर दिसतो. पण टू-स्ट्रोकचा खरा आजार बहुधा हवेचा असतो.

क्रँकच्या दोन्ही टोकांना रबरी ऑइल सील असतात. गाडी उभी राहिली की रबर कडक होऊन त्याला भेगा जातात. जावाच्या डाव्या बाजूस क्लच आणि प्रायमरी चेन तेलात असतात. त्या बाजूचे सील गेले तर क्रँकपेटी गिअरचे तेल ओढते, सायलेन्सरमधून दाट धूर थांबता थांबत नाही आणि गिअरचे तेल मात्र कमी होत जाते. उजव्या बाजूस डायनामो, तेथे तेल नाही. ते सील गेले तर क्रँकपेटी फुकटची हवा ओढते, मिश्रण पातळ होते, एंजिन तापते आणि अखेर पिस्टन सिलिंडरला चिकटतो. धूर दिसतो म्हणून डाव्या बाजूचा दोष लवकर कळतो. उजव्या बाजूचा दोष एंजिन जाम होईपर्यंत दडून राहतो. म्हणून दीर्घकाळ उभ्या गाडीची दोन्ही सीले प्रश्न न विचारता बदलावीत. ती बदलणे स्वस्त, न बदलणे महाग.

गळती तपासण्याची साधी युक्ती अशी. कारबोरेटरचे तोंड आणि धुराची दोन्ही तोंडे रबर लावून बंद करावीत. प्लगच्या भोकातून हातपंपाने चौरस इंचाला सुमारे ६ पौंड एवढाच दाब भरावा. सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे आले तेथे गळती. काही मिनिटे दाब टिकला तर पेटी हवाबंद.

जावाचे बोअर ६५ मिलिमीटर आणि स्ट्रोक ७५ मिलिमीटर. त्यावरून २४९ सी.सी. हे माप येते. सिलिंडर वर, मध्ये, खाली असा मोजावा. तो झिजून अंडाकृती झाला असेल तर पाव मिलिमीटरच्या पायरीने बोअर वाढवून त्या मापाचा पिस्टन घालतात. पिस्टन आधी मिळवावा आणि मग बोअर करावे, कारण सिलिंडर पिस्टनाच्या मापाने कापायचा असतो. टू-स्ट्रोकच्या रिंगांच्या खाचेत बारीक खुंटी असते. रिंगेचे तोंड त्या खुंटीवर बसले नाही तर ते दारात अडकून मोडते. कनेक्टिंग रॉड वर-खाली ओढून पाहावा. बाजूला थोडा हलणे स्वाभाविक. वर-खाली टकटक लागली तर क्रँक उघडून बिग-एंडचे बेअरिंग बदलल्याशिवाय गत्यंतर नाही.

एका सिलिंडरला दोन सायलेन्सर ही जावाची ओळख. त्यांच्या आतील जाळीत तेलकट काजळी साचते आणि धुराची वाट बुजते. जिची ताकद गेली म्हणून लोक एंजिन उघडतात, अशा गाडीचा श्वास पुष्कळदा सायलेन्सरमध्येच कोंडलेला असतो. म्हणून ते आधी काढून साफ करावेत.

ठिणगी

जुन्या जावाची विजेची व्यवस्था ६ व्होल्टची आणि ठिणगी बॅटरीवर अवलंबून. म्हणून प्रथम बॅटरी चांगली हवी. पॉइंट बारीक पॉलिश कागदाने घासून, सुक्या कागदाने पुसून, फीलर गेजने सुमारे ०.४ मिलिमीटर अंतर ठेवावे. नंतर ठिणगीची वेळ लावावी. पिस्टन वरच्या टोकाला पोचण्यापूर्वी किती मिलिमीटरवर पॉइंट उघडले पाहिजेत, ते त्या मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेले असते. तेच प्रमाण मानावे; कानाचा अंदाज नंतर. गाडी गार असताना चालते, तापली की बंद पडते आणि निवली की पुन्हा चालते, असे होत असेल तर पहिला संशय कंडेन्सरवर घ्यावा. तो बदलायला खर्च थोडा येतो. तो न बदलता कारबोरेटर दहा वेळा उघडण्यात दिवस जातात.

इंधन

टाकीच्या आतला गंज काढण्यासाठी कॉक काढून भोक बंद करावे, गरम पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवून भरावे आणि एक-दोन दिवस ठेवावे. मग धुऊन, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आंबटपणा मारून, ताबडतोब वाळवून आत तेलाचा हात फिरवावा. जिच्यात कधी पेट्रोल होते अशी टाकी झाळकामाला सरळ देऊ नये. रिकाम्या टाकीतली वाफ भरल्या टाकीपेक्षा भयंकर असते.

तेलाचे प्रमाण जुन्या रीतीने पंचविसास एक, म्हणजे लिटरला ४० मिलिलिटर टू-टी तेल. तेल जास्त टाकले तर एंजिन अधिक सुरक्षित, असा समज आहे. तो खरा नाही. तेल वाढले की त्याच मापात पेट्रोल कमी येते, म्हणजे हवेच्या मानाने मिश्रण पातळच होते, आणि काजळी वाढते ती वेगळी. पुस्तिकेचे प्रमाण मोजपात्राने मोजूनच घालावे.

आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतली ओल शोषते, आणि पाणी वाढले की वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. जुने रबर, बुचाची पट्टी आणि टाकीचे आतले लेप त्याला टिकत नाहीत. म्हणून पेट्रोलची नळी व वायसर इथेनॉल सोसणारे घ्यावेत, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी व कारबोरेटर रिकामे करावेत. इथेनॉलमुळे मिश्रण किंचित पातळही होते. प्लगचा रंग पाहून जेट ठरवावा. प्लग विटकरी-तपकिरी तर ठीक, पांढरा तर मिश्रण पातळ, काळा व ओला तर जाड.

आधी थांबणे, मग चालणे

एंजिन बोलू लागले की मालकाला रस्ता दिसू लागतो. त्याने येथे स्वतःला आवरावे. ब्रेकचे अस्तर, केबली, चाकांचे बेअरिंग, आऱ्यांचा ताण आणि हँडलचे छर्रे तपासल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढू नये. टायरवर भरपूर नक्षी असली तरी रबर म्हातारे असू शकते. २००० सालापासूनच्या टायरवर चार आकडी खूण असते, पहिले दोन आकडे आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष दाखवितात. अशी खूण नसलेला टायर त्याहून जुना समजून काढून टाकावा.

नव्या पिस्टनवर पहिले काही शे किलोमीटर मध्यम वेगाने, वेग कमी-जास्त करीत चालवावे. वरच्या गिअरमध्ये एंजिनाला कण्हायला लावू नये. आणि आमच्या घाटांच्या मुलखात एक सावधगिरी हवी. लांब उतारावर ॲक्सिलरेटर पूर्ण बंद ठेवून एंजिनाने गाडी रोखली, तर चाके एंजिनाला जोरात फिरवितात. पण पेट्रोल बंद म्हणून तेलही बंद. पिस्टन कोरडा चालतो. खंडाळ्याचा किंवा कात्रजचा घाट उतरताना मधूनमधून ॲक्सिलरेटर थोडा उघडावा आणि गाडी ब्रेकवर उतरवावी.

मिस्त्री आणि मजुरी

हे सारे मालकाने एकट्याने करावे असे आमचे म्हणणे नाही. क्रँक दाबून बसविणे, बोअर करणे, रिम सरळ करणे ही कसबी हातांची कामे आहेत. परंतु मालकाला काम समजत असले की मिस्त्रीशी त्याचे नाते बदलते. तो “लवकर करा, स्वस्तात करा” एवढेच न म्हणता “सील कोणते घातले, बोअर किती वाढविले” असे विचारू शकतो. सुट्या भागांचा हिशेब आणि मजुरीचा हिशेब वेगळा मांडावा. भागाला छापील किंमत निमूट द्यायची आणि दिवसभर क्रँक सरळ करणाऱ्या माणसाशी शंभर रुपयांसाठी घासाघीस करायची, ही आपल्या समाजाची जुनी खोड आहे. भाग बाजारात पुन्हा मिळेल. तो हात पुन्हा मिळेलच असे नाही.

कारखाना बंद झाला तेव्हा ही विद्या गॅरेजमध्ये शिल्लक राहिली. ज्या मिस्त्रींनी जावा आणि येझदी तरुणपणी उघडल्या, ते आज वृद्ध होत आहेत, आणि त्यांच्या गॅरेजमध्ये नवी मुले नव्या गाड्यांवर काम शिकतात, ते योग्यच आहे. मग जुन्या कामाचे ज्ञान कोठे जाणार? मिस्त्री स्वतः पुस्तक लिहीत नाहीत. त्यांना कोणी विचारलेलेच नसते. म्हणून प्रत्येक पहिल्या मालकाने एक वही ठेवावी. कोणते माप निघाले, काय बदलले, कोणत्या खुणेवरून दोष सापडला, कोणी सांगितले, मजुरी किती झाली, हे तारखेनिशी लिहावे आणि ज्याने शिकविले त्याचे नाव त्याच्या संमतीने त्यात नोंदवावे. जुलैच्या दुसऱ्या रविवारी ठिकठिकाणी जावा-येझदीचे मालक आपल्या गाड्या घेऊन एकत्र जमतात. त्या मेळाव्यात गाडीबरोबर वहीही नेली, तर एकाचा अनुभव दहांच्या उपयोगी पडेल.

रंगाविषयी आम्ही अखेरपर्यंत बोललो नाही, ते मुद्दामच. रंग लावावा, सुंदर दिसण्याचा हक्क यंत्रालाही आहे. पण तो सर्वांत शेवटी, गाडी हजार किलोमीटर निर्दोष चालल्यावर, आणि पैसे उरले तर.